नळ बंद, किराया चालू : उन्हाळ्यातील पाणीबंदी आणि भाडेकरू

वर्धा शहराचे पाणी धाम नदीचे. आर्वी तालुक्यात महाकाळी येथे धाम प्रकल्पाचे धरण आहे. तेथून नदीपात्रात सोडलेले पाणी येळाकेळी आणि पवनार येथे उचलले जाते, शुद्ध होते आणि जलकुंभांतून वॉर्डावॉर्डांत पोहोचते. एप्रिलमध्ये पवनारच्या पुलावरून वाहती धाम पाहणाऱ्याला टंचाईचा संशयही येत नाही. पण त्या दिवसांत दिसणारा प्रवाह मुख्यतः धरणातून सोडलेला असतो. साठा उतरला की पाणी सोडण्यातले अंतर वाढते, आणि रोज येणारा नळ आधी दिवसाआड, मग दोन-तीन दिवसांआड येऊ लागतो. २०१८ च्या अपुऱ्या पावसानंतर २०१९ च्या उन्हाळ्यात वर्धेकरांना याचा कडक अनुभव आला. हिंगणघाटला वणा आणि पुलगावला वर्धा नदी जवळ असली, तरी मे महिन्यात नळाच्या वेळा तिथेही बदलतात.

टंचाई हे एकच कारण नसते. मेच्या अखेरीस वादळी पावसाने वीज गेली की नदीकाठचे पंप थांबतात. जलशुद्धीकरण केंद्राच्या किंवा मुख्य वाहिनीच्या कामासाठी दिवस-दोन दिवस पुरवठा बंद ठेवला जातो. खासगी बोअर आटते. आणि कधी कधी घरमालकच वरचा व्हॉल्व्ह फिरवतो. तोटी चारही वेळा सारखीच कोरडी पडते, म्हणून भाडेकरूंचा गोंधळ होतो: नगरपरिषदेकडे जायचे, मालकाशी बोलायचे, प्लंबर बोलवायचा, की वकील गाठायचा? उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे पाणी नेमके कोणत्या टप्प्यावर अडले.

पाणी कुठे अडले, ते आधी शोधावे

घरापर्यंतच्या पाण्याचे तीन टप्पे धरता येतात. पहिला टप्पा स्रोतापासून फेरूलपर्यंतचा. रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीला घराची जोडणी जिथे लागते तो सांधा म्हणजे फेरूल. दुसरा फेरूलपासून घराच्या हौदापर्यंत आणि गच्चीवरच्या टाकीपर्यंतचा. तिसरा टाकीपासून खोलीतल्या तोटीपर्यंतचा.

त्याच गल्लीतल्या, त्याच वाहिनीवरच्या दोन घरांत विचारणे ही पहिली तपासणी. तिथेही नळ आले नसतील तर अडथळा पहिल्या टप्प्यात आहे. शेजारी नळ आले आणि इथे नाहीत, तर फेरूल तुंबले असेल, जोडणीचा पाइप फुटला असेल, किंवा थकबाकीमुळे जोडणी तोडली असेल. अंगणातल्या जमिनीलगतच्या नळाला पाणी येते पण वर चढत नाही, तर दाब कमी आहे किंवा मोटर बिघडली आहे. टाकी भरलेली आणि एकाच खोलीत पाणी नाही, तर त्या खोलीच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद आहे, पाइपमध्ये हवा अडकली आहे किंवा तोटीची जाळी कचऱ्याने भरली आहे.

पहिल्या टप्प्याची जबाबदारी पाणी पुरवणाऱ्या संस्थेची. ती संस्था कोणती, हे भाडेकरूंना बहुधा माहीत नसते. शहरात नगरपरिषद. शहराला चिकटलेल्या, पण ग्रामपंचायत हद्दीत असलेल्या पिपरी (मेघे) व आसपासच्या वस्त्यांत महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची योजना. काही ठिकाणी ग्रामपंचायतीची स्वतःची विहीर किंवा बोअर. सावंगी (मेघे) आणि सेवाग्राम परिसरात वैद्यकीय शिक्षणासाठी किरायाने राहणारे अनेकजण पत्त्यात ‘वर्धा’ लिहितात आणि तक्रार घेऊन नगरपरिषदेत जातात. तिथे त्यांचा ग्राहक क्रमांकच सापडत नाही. घरमालकाकडून पाणीपट्टीच्या शेवटच्या पावतीची प्रत घेऊन ठेवली की संस्था, ग्राहक क्रमांक आणि थकबाकी या तिन्ही गोष्टी एकदम कळतात. नळाची वेळ मात्र पावतीवर नसते. ती वॉर्डाच्या व्हॉल्व्हमनला विचारावी; कार्यालयापेक्षा तोच अचूक सांगतो.

दुसरा टप्पा जवळजवळ पूर्णपणे घरमालकाचा. तिसऱ्यात वाटणी होते: पाइप, टाकी, मोटर आणि मुख्य व्हॉल्व्ह मालकाचे, तोटीचा वॉशर किंवा फ्लशचा फ्लोट अशी किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याची. करारात वेगळे लिहिले असेल तर ते चालते.

किराया ठरवतानाच विचारायचे

घर पाहायला बहुतेक लोक जून-जुलैत जातात. तेव्हा नदी भरलेली, बोअर भरलेली आणि मालकही मोकळा. खरा प्रश्न मे महिन्याचा असतो, तो तेव्हा विचारावा लागतो.

- गेल्या मे महिन्यात नळ किती दिवसांआड येत होते? मालकाला विचारावे, आणि आधीच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूलाही विचारावे.
- हौद किती लिटरचा, गच्चीवरची टाकी किती लिटरची, आणि तिच्यावर किती खोल्या आहेत?
- बोअर असेल तर उन्हाळ्यात ते सलग किती वेळ चालते?
- मोटर कोण आणि केव्हा लावणार? मालक गावाला गेल्यावर किल्ली कुणाकडे?
- कूलर लावू देणार का, आणि त्याच्या पाण्याचे व विजेचे वेगळे पैसे आहेत का?
- टँकर मागवावा लागला तर पैसे कोणी द्यायचे?

शेवटच्या प्रश्नावर सर्वांत जास्त भांडणे होतात, कारण टँकरचा खर्च मालकाचा की भाडेकरूचा हे करारात क्वचितच लिहिलेले असते. पुढील मजकूर गरजेप्रमाणे बदलून करारात घालता येईल:

*‘जागेला नळाचे व बोअरचे पाणी उपलब्ध आहे. पाणीपट्टी घरमालक भरतील. पुरवठा सलग ___ दिवसांहून अधिक काळ बंद राहिल्यास टँकरची व्यवस्था घरमालक करतील व त्याचा खर्च उभय पक्ष ___ या प्रमाणात सोसतील. मोटर, टाकी व मुख्य पाइपलाइनची दुरुस्ती घरमालकाकडे आणि तोट्या, वॉशर इत्यादींची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे राहील. ठरवून करावयाच्या कामासाठी पाणी बंद ठेवायचे असल्यास किमान २४ तास आधी कळवले जाईल.’*

करार नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकराराची किंवा लिव्ह अँड लायसन्स कराराची लेखी नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी नसली म्हणून राहणारा निराधार ठरत नाही. उलट, लेखी नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तोंडी ‘पाणी चोवीस तास’ सांगून उन्हाळ्यात हात वर करणाऱ्या मालकांना ही तरतूद सहसा ठाऊक नसते.

किती पाणी साठवावे : हिशेबात कूलर धरावा

मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी नियोजनाचे प्रमाण माणशी रोज १३५ लिटर आहे, ती नसलेल्या ठिकाणी ७० लिटर, आणि जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण घरांसाठी ५५ लिटर. काटकसरीचे दिवस काढण्यासाठी ७० लिटर धरून चालावे.

चौघांचे कुटुंब आणि नळ तीन दिवसांआड असा हिशेब करू. ४ × ७० × ३ म्हणजे ८४० लिटर. हा हिशेब पुणे-नाशिकला पुरला असता. वर्ध्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की कूलरशिवाय घरात बसवत नाही, आणि कोरड्या हवेत कूलर पाणी झपाट्याने उडवतो. ४० लिटरची टाकी दिवसातून तीनदा भरावी लागत असेल तर रोजचे १२० लिटर, म्हणजे घरातल्या कोणत्याही माणसाच्या वाट्याहून जास्त. तीन दिवसांचे ३६० लिटर मिळवले की गरज १,२०० लिटरवर जाते. एका हजार लिटरच्या टाकीवर दोन बिऱ्हाडे आणि दोन कूलर असतील, तर तिसऱ्या दिवशी भांडण ठरलेले. पाइपलाइन, मोटर, टाकी सारे ठाकठीक असूनही पाणी पुरत नाही, तेव्हा बहुधा हा हिशेबच चुकलेला असतो.

साठवताना तीन धोके सांभाळावे लागतात.

*वजन.* एक लिटर पाणी एक किलो. २०० लिटरचा भरलेला ड्रम दोन क्विंटलचा. असे ड्रम भिंतीलगत किंवा बीमवर ठेवावेत. बाहेर काढलेल्या बाल्कनीत किंवा छज्ज्यावर ओळीने ड्रम मांडणे धोक्याचे, आणि मालकाने त्याला हरकत घेतली तर ती रास्त समजावी.

*डास.* डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आठवड्यातून एक दिवस ड्रम आणि कूलरची टाकी रिकामी करून आतून घासावी. नुसते पाणी बदलून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. एरवी झाकण किंवा घट्ट बांधलेले फडके हवे.

*शॉक.* पाणी भरताना कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढूनच पाणी भरावे. अनवाणी किंवा ओल्या फरशीवर उभे राहून तर मुळीच नाही. तीन पिनांचा प्लग आणि घराला चालू अर्थिंग हवे. अर्थिंग हे इमारतीचे काम आहे, म्हणून ते मालकाकडून तपासून घ्यावे आणि शक्य असेल तर अर्थ लिकेज ब्रेकर बसवण्यास सांगावे.

पिण्याच्या पाण्याची साठवण वेगळी ठेवावी. नळ बंद असताना वाहिनीतला दाब जातो आणि गळतीच्या जागी नालीतले पाणी आत ओढले जाऊ शकते. म्हणून बऱ्याच खंडाने आलेल्या नळाचे पहिले पाणी गढूळ किंवा वास मारणारे असते. ते बादल्यांत धरून संडासाला आणि अंगणाला वापरावे, स्वच्छ धार सुरू झाल्यावरच हौदाचा व्हॉल्व्ह उघडावा. शंका असलेल्या १,००० लिटर पाण्यात सुमारे अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर मिसळून तास-दीड तास ठेवल्यास ते निर्जंतुक होते. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून वरची निवळी ओतावी, गाळ टाकून द्यावा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्यावे लागते, कारण गाळात क्लोरीन वाया जाते. पिण्यापुरते पाणी खळखळून उकळणे हा त्याहून सोपा मार्ग. टँकरचे पाणी कुठल्या विहिरीचे आहे ते विचारावे आणि उत्तर काहीही आले तरी ते शंकेचेच समजावे.

पाणी बंद-चालू होताना नळकाम बिघडू नये म्हणून

सर्वांत महाग चूक साधी असते: नळ गेल्यावर तोटी फिरवून पाहिली आणि तशीच उघडी राहिली. पाणी रात्री अडीचला येते, खोलीत कोणी नसते, आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून ओल उतरते. हे नुकसान भाडेकरूच्या डिपॉझिटमधून जाते. घराबाहेर पडताना आणि झोपताना सर्व तोट्या बंद असल्याचे पाहावे.

टाकीत पाणी नसताना गीझर सुरू करू नये, तसेच आतले पाणी संपलेल्या हौदावर मोटर चालू ठेवू नये. मोटर कोरडी चालली की सील जळते आणि प्रश्न उद्भवतो की जाळली कुणी. बोअर उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटांतच हवा टाकू लागत असेल तर थांबून थांबून चालवावे आणि मालकाला तसे लगेच कळवावे. कोरडे पडल्यावर आपोआप बंद करणारे यंत्र बसवणे मोटर बदलण्यापेक्षा स्वस्त पडते. पाणी परत आल्यावर तोट्या फुसफुसतात, कारण पाइपमध्ये हवा असते. आधी सर्वांत खालची तोटी हळूहळू उघडावी, धार एकसारखी झाली की वरच्या मजल्यावर जावे. मीटर असलेल्या जोडणीत ही हवासुद्धा मीटर फिरवते. रीडिंग अचानक वाढले तर कोरड्या दिवसांच्या नोंदी दाखवून तक्रार करता येते.

मुख्य वाहिनीला थेट टिल्लू पंप लावणे बेकायदा आहे, नळाच्या वेळेत पथके फिरून पंप जप्त करतात आणि जोडणीही तोडली जाऊ शकते. ‘सगळी गल्ली लावते’ हा बचाव चालत नाही. शिवाय पंपाने ओढलेल्या लाइनमध्ये नालीचे पाणी शिरण्याचा धोका वाढतो, आणि ते पाणी पंप लावणाऱ्याच्याच हौदात पडते.

गच्चीवरचे व्हॉल्व्ह कोणत्या खोलीचे, हे रंगाने लिहून ठेवावे. चार-सहा खोल्या एका टाकीवर असलेल्या घरांत अर्धी भांडणे दुसऱ्याचा व्हॉल्व्ह चुकून बंद केल्याने होतात.

मालकाने पाणी बंद केले तर

भाडे वाढवून द्यावे किंवा खोली रिकामी करावी म्हणून पाणी अडवणे हा जुना उपाय आहे, आणि उन्हाळ्यात तो लवकर लागू पडतो. कायद्याने त्याला मनाई आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ नुसार मालकाला स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत, रास्त व पुरेशा कारणाशिवाय, भाडेकरू उपभोगत असलेला अत्यावश्यक पुरवठा किंवा सेवा तोडता किंवा रोखून धरता येत नाही. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि सफाई व स्वच्छतेची सेवा या सर्वांचा त्यात समावेश आहे.

याच कलमाचे एक स्पष्टीकरण भाडेकरूंनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मालकाच्या कृतीमुळे किंवा कसुरीमुळे स्थानिक संस्थेने पुरवठा तोडला, तर तेही मालकाने पुरवठा रोखणेच मानले जाते. मालकाने पाणीपट्टी थकवली आणि जोडणी कापली गेली, तर ‘मी कुठे बंद केले, नगरपरिषदेने केले’ असे म्हणून त्याला सुटता येत नाही. शेजारी नळ आले आणि इथे नाहीत, अशा वेळी पावतीवरची थकबाकी म्हणूनच पाहायची.

रास्त कारण म्हणजे काय? टाकीची गळती काढणे, जळालेली मोटर बदलणे, धरणातच पाणी नसणे ही रास्त कारणे. मोटर जळून तीन आठवडे झाले आणि मालक स्वतःच्या मजल्यावर वेगळी लाइन घेऊन पाणी वापरतो आहे, हे रास्त नाही.

भाडेकरूला न्यायालयात अर्ज करून पुरवठा पूर्ववत करण्याचा आदेश मागता येतो. ज्या ठिकाणी लघुवाद न्यायालय नाही तिथे हा अर्ज दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे होतो. चौकशी पूर्ण होण्यापूर्वीच अंतरिम आदेश मिळू शकतो, आणि पाण्याच्या बाबतीत तोच खरा उपयोगाचा. अर्जातच तो मागावा. आदेशातील तारखेपर्यंत पुरवठा सुरू न केल्यास रोज १०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याखेरीज कलमाचा भंग हा गुन्हा असून तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रकमा १९९९ सालच्या आहेत आणि आज त्यांनी कुणी घाबरत नाही. मालक नमतात ते न्यायालयाच्या आदेशाला आणि फौजदारी तक्रारीच्या शक्यतेला.

दोन मर्यादा आहेत. अधिनियम त्याच्या अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांना लागू होतो, त्यामुळे नगरपरिषदेच्या हद्दीतले घर आणि रस्त्यापलीकडचे ग्रामपंचायत हद्दीतले घर यांत फरक पडू शकतो. वकिलाकडून तेवढे आधी तपासून घ्यावे. दुसरी मर्यादा अशी की लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या काटेकोर अर्थाने ‘भाडेकरू’ नसतो. त्याचा आधार करारातली पाण्याची अट हाच, आणि तिच्या जोरावर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. वसतिगृहासारख्या, जेवणासह चालणाऱ्या पेइंग गेस्ट जागांबाबत पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्गही पाहता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर प्राथमिक माहिती मिळते.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, वर्धा यांच्याकडे मोफत सल्ला मागता येतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

मालक दुरुस्ती करत नसेल तर

जागा राहण्याजोगी ठेवणे हे, वेगळा करार नसेल तर, मालकाचे कर्तव्य आहे (भाडे नियंत्रण अधिनियम, कलम १४). त्याने टाळाटाळ केल्यास किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतरही वाजवी वेळेत काम न झाल्यास भाडेकरू, एकट्याने किंवा सर्व भाडेकरू मिळून, दुरुस्ती करून घेऊ शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मर्यादा अशी की एका वर्षात वळती केलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नसावी. महिना ६,००० रुपये किराया असेल तर वर्षाचे ७२,००० आणि मर्यादा १८,००० रुपये. बोअरची मोटर त्यात बहुधा बसते, नवे बोअर बसत नाही.

भाडे नियंत्रण अधिनियम लागू नसलेल्या ठिकाणी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ चा आधार घेता येतो. मालकाने करायची दुरुस्ती सूचना देऊनही केली नाही तर ती करून घेऊन खर्च भाड्यातून कापण्याची मुभा त्यात आहे. मालकाने भरायचा, आणि न भरल्यास मालमत्तेवरून वसूल होणारा पैसा भाडेकरूने भरला तर तोही. थकीत पाणीपट्टी भरून जोडणी पुन्हा सुरू करून घेण्याचा रस्ता यातून निघतो. पावती मालकाच्या नावाची, पैसे मात्र भाडेकरूच्या खात्यातून दिलेले, असे दोन्ही पुरावे हवेत.

नोटीस साधी असावी. पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवावे, त्याचाच फोटो व्हॉट्सअॅपवरही टाकावा.

*‘आपल्या मालकीच्या ______ येथील खोली क्र. __ मध्ये मी ______ पासून भाड्याने राहतो/राहते. दिनांक ______ पासून गच्चीवरील टाकीची मोटर बंद असून खोलीत पाणी येत नाही. त्याच दिवसांत शेजारील घरांना नळाचे पाणी नियमित मिळत आहे. याबाबत दिनांक ______ रोजी आपणास तोंडी कळवले होते. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती न झाल्यास ती मी करून घेईन व खर्च भाड्यातून वळता करीन. कामाचा अंदाजित खर्च सोबत जोडला आहे.’*

शेजारच्या घरांचा उल्लेख वगळू नये. टंचाई नव्हती, हे त्यातूनच दिसते.

पाणी नाही म्हणून संपूर्ण भाडे थांबवणे ही मात्र फसवी वाट आहे. थकबाकीची लेखी मागणी झाल्यावर ९० दिवस उलटले की मालकाला खोली रिकामी करण्याचा दावा लावता येतो, आणि पाण्याची तक्रार बाजूला पडून भाडेकरू थकबाकीदार म्हणून उभा राहतो. भाडे बँकेतून द्यावे, रोख दिले तर पावती मागावी, आणि वळती केलेली रक्कम कशाची ते त्या-त्या महिन्यात लेखी कळवावे. मालक भाडे घेण्याचेच टाळत असेल तर मनीऑर्डरने पाठवावे. नकाराचा शेरा हा पुरावा असतो.

अडथळा पहिल्या टप्प्यातला असेल तर तक्रार पाणी पुरवणाऱ्या संस्थेकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि निकाल न लागल्यास ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर नोंदवावी. पाणी नियमित न येण्याची तक्रार गल्लीतल्या सर्वांच्या सह्यांची असली तर तिचे वजन वाढते. भाडेकरूची सही घेतली जात नाही, हा गैरसमज आहे. पाणी तोच वापरतो.

सुट्टीत खोली बंद करून जाताना

सावंगी आणि सेवाग्रामच्या खोल्या परीक्षा संपल्या की महिना-दीड महिना बंद राहतात. जाण्यापूर्वी गच्चीवरचा आपल्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि मग खोलीतली एक तोटी उघडून पाइप रिकामा करून पुन्हा बंद करावी. फ्लशची टाकी रिकामी करावी, कूलरची टाकी कोरडी पुसून पालथी घालावी. न्हाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधले पाणी मेच्या उन्हात उडून जाते आणि गटाराचा वास व झुरळे खोलीत येतात. त्यात तांब्याभर पाणी आणि वर थोडे खाद्यतेल ओतले तर पाणी उशिरा उडते. जाळीवर प्लास्टिक ठेवून दगड ठेवला तरी चालते. व्हॉल्व्ह बंद केल्याचा संदेश आणि फोटो मालकाला पाठवावा, एक किल्ली विश्वासाच्या माणसाकडे ठेवावी.

परत आल्यावर उलट क्रमाने. टाकीत महिनाभर उन्हात तापलेले पाणी असेल तर ते सोडून द्यावे, टाकी घासून घ्यावी. एकत्र टाकी असेल तर हा खर्च सर्वांत वाटून किंवा मालकाकडून.

पावसाच्या पहिल्या आठवड्यांत

नदीला पहिला पूर आला की पाण्याबरोबर माती येते आणि शुद्धीकरण केंद्रावर ताण पडतो. या काळातला खंड टंचाईचा नसतो, तो गढूळपणाचा किंवा विजेचा असतो, आणि सहसा लवकर संपतो. उन्हाळाभर जपून ठेवलेले ड्रम आत्ताच रिकामे करून कोरडे करावेत. डेंग्यूचे दिवस याच वेळी सुरू होतात. हौदाच्या झाकणातून पावसाचे पाणी आत जात असेल तर ते आताच दिसते आणि दुरुस्तीसाठी मालकाला आताच दाखवावे.

खोली सोडताना

सोडण्याच्या दिवशी मोटर चालू करून दाखवावी, सर्व तोट्यांचा, फ्लशचा आणि व्हॉल्व्हचा एक व्हिडिओ घ्यावा. मीटर असेल तर रीडिंग दोघांच्या सहीने लिहावे. टँकरचे आणि दुरुस्तीचे वळते केलेले पैसे पावत्यांसह एका कागदावर मांडून मालकाची सही घ्यावी, आणि डिपॉझिटमधून पाण्याच्या नावाने काही कापले जात असेल तर ते कशासाठी आणि किती, हे त्याच कागदावर लिहून घेऊनच किल्ली द्यावी.